अर्ध्या पुस्तकांचा रविवार

ब्लाउजचं माप द्यायला आलेल्या बाईंनी मशीनच्या ड्रॉवरमधून डोकावणारं पुस्तक बघितलं आणि विचारलं, "हे वाचनालयातलं का ओ ताई? बरं हाय का ते? वर्गणी भरावी का तिथं?" माझ्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून मी नुसती मान हलवली. ती मान हो म्हणाली की नाही म्हणाली ते त्यांना कळलं नाही. खरं तर मलाही कळलं नाही. टाचण्या काढून बोलायला लागले, तर एक चांगली गोष्ट सांगितली की लगेच एक तक्रार आठवायची. शेवटी म्हटलं, तुमचा ब्लाउज होईपर्यंत सगळं लिहूनच ठेवते.

सांगलीच्या खणभागात माझं शिवणाचं दुकान आहे, १९ वर्षं झाली. पिको-फॉल, ब्लाउज, पंजाबी ड्रेस, लग्नसराईत शिवलेली नऊवारी. वाचनालयाची सभासद होऊन दहा-अकरा वर्षं झाली असतील. वाचनालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. खाली तक्रारी आहेत, आणि पुढच्या रविवारी मला तिथंच बसून चहा प्यायचाय. ज्यांचं येणंजाणं आहे ते जिन्यावरून ओळखतील.

जिन्याला २१ पायऱ्या आहेत. माझ्या सासूबाई चढताना मोठ्यानं मोजतात, म्हणून नक्की आकडा सांगते. कठडा एकाच बाजूला आहे, आणि तो उतरताना डाव्या हाताला येतो. उजव्या हातात पिशवी धरणाऱ्यांची ठीक सोय, बाकीच्यांनी भिंतीला धरायचं. वर गेल्यावर आधी वेखंडाचा वास येतो, मग डांबरगोळ्यांचा, आणि संध्याकाळी पाचनंतर खालच्या भडंगवाल्याच्या फोडणीचा. त्या वासात पुस्तक निवडायला उभं राहिलं की जेवायच्या आधी कधी एकदा घर गाठतो असं होतं. खोल्या दोन. एकीत कपाटं, दुसरीत लांब टेबल, बाकडी आणि वर्तमानपत्रं. संगणक आहे. त्याला कव्हर मीच शिवून दिलंय, दोन वर्षांपूर्वी, आणि ते अजून कुणी काढलेलं दिसत नाही. कार्डं हातानं लिहिलेली, तारखेचा शिक्का जांभळ्या शाईचा.

अनामत ५०० रुपये, परत मिळते. महिन्याला १२० रुपये, त्यात एका वेळी दोन पुस्तकं आणि एक मासिक. मुदत १५ दिवस. उशीर झाला तर एका पुस्तकाला दिवसाला एक रुपया दंड, पण ग्रंथपाल बाई आधी विचारतात, "आजारी होता का?" आणि तुम्ही खोटं बोलताय का ते बघतात. वेळ सकाळी ८ ते ११, संध्याकाळी ५ ते ८, सोमवारी बंद. एवढं व्यवहाराचं झालं.

आता साठा. स्पष्ट सांगायचं तर साठा बेताचाच आहे. नवं पुस्तक पुण्यात चर्चेत आल्यावर इथं पोचायला सहा-आठ महिने लागतात, आणि तोवर ते काय होतं ते आपण विसरलेलो असतो. कादंबऱ्या बऱ्या आहेत. चरित्रं भरपूर. कविता एका कप्प्यात, तोही अर्धा. पाककृती आणि 'श्रीमंत कसे व्हाल' छापाची पुस्तकं मात्र दोन कपाटं भरून, कारण देणगी म्हणून लोक तीच देतात. (श्रीमंत झाल्यावर देत असतील तर ठीक, पण झालेले दिसत नाहीत.) मुलांचा कप्पा खालच्या फळीवर ठेवलाय, ही एक शहाणपणाची गोष्ट.

पुस्तकांची अवस्था या विषयावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण तो माझा विषय आहे. जुनं पुस्तक उघडून त्याच्या पाठीकडून बघा. १६-१६ पानांचे फर्मे दुमडून, मधोमध दोऱ्यानं शिवलेले असतात, आणि मग सगळे फर्मे एकमेकांना त्याच दोऱ्यानं गुंफलेले. ही खरी शिवण. एक टाका तुटला तरी बाकीचं पुस्तक जागचं हलत नाही. आताची बरीच पुस्तकं नुसती कापून डिंकावर बसवलेली असतात. एका माणसानं वाचली तर ठीक, पण वाचनालयाचं पुस्तक चाळीस हातांतून जातं. पाचव्या हाताला पान सुटतं, दहाव्या हाताला आख्खा मधला भाग खाली पडतो. मी ब्लाउजची बाही डिंकानं चिकटवून दिली तर गिऱ्हाईक मला सोडेल का? आमच्या वाचनालयाला एक बांधणीवाले काका आहेत, महिन्यातून एकदा येतात. खळीत मोरचूद घालून शिजवतात, म्हणजे कसर लागत नाही. सुटलेली पानं ते कडेनं टोचून शिवतात, पण तशी शिवण घेतली की आतला समास जातो आणि ओळीची पहिली दोन अक्षरं बांधणीत गडप होतात. 'शाळेत' असेल तर 'ळेत' वाचायचं. सवय होते.

पण केवळ पुस्तकांसाठी मी कुणाला १२० रुपये भरा म्हणणार नाही. मी म्हणेन ते दुसऱ्या रविवारसाठी.

महिन्याच्या दुसऱ्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता टेबलाभोवती बसायचं. कधी नऊ माणसं असतात, कधी पंधरा. प्रत्येकानं सध्या काय वाचतोय ते सांगायचं. नियम एकच: पुस्तक हातात पाहिजे आणि संपलेलं नको. संपलेल्या पुस्तकावर बोलायला लागलं की ग्रंथपाल बाई थांबवतात. "ते झालं की तुमचं. आता चाललंय काय?"

हा नियम कुठून आला ते सांगायला पुरापर्यंत मागं जावं लागेल. २०१९ च्या ऑगस्टपर्यंत वाचनालय तळमजल्यावर होतं. त्या आठवड्यात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५. आमच्या भागात हे आकडे पोरांना पाढ्यांसारखे पाठ आहेत. पाणी उतरल्यावर आम्ही काहीजणी खराटे घेऊन गेलो. मला वाटलं होतं पुस्तकं वाहून गेली असतील. तशी ती जात नाहीत. पाणी पिऊन फुगतात आणि कपाटात एकमेकांना अशी दाबून बसतात की हातानं ओढून एक निघत नाही. रॅकचे पत्रे बाहेरच्या बाजूला वाकले होते. गुळगुळीत कागदावरच्या रंगीत पुस्तकांची तर वीट झाली होती, एक पान दुसऱ्यापासून सुटेना. साध्या कागदाची थोडी हाताला लागली, ती आम्ही मधे मधे रद्दी घालून पंख्याखाली वाळवली. माझ्या दुकानातही कमरेच्या वर पाणी होतं, मशीनची मोटर गेली होती, तरी त्या दिवसांत मी तिकडंच जास्त होते. का, ते विचारू नका. घरचे अजून विचारतात.

तेव्हा एक गोष्ट कळली. जी पुस्तकं लोकांनी वाचायला नेली होती तीच तेवढी सुखरूप वाचली. विश्रामबागला, कुपवाडला, मिरजेत, कुणाच्या दुसऱ्या मजल्यावर उशाशी, कुणाच्या माहेरी पिशवीत. पूर आला तेव्हा तीनशेच्या आसपास पुस्तकं घराघरांत अर्धवट वाचून पडली होती. लोक ती परत करायला आले तर बाई शेजारच्या ओसरीवर खुर्ची टाकून बसलेल्या. म्हणाल्या, "परत आणू नका, ठेवू कुठं? तुमच्याकडंच राहू द्या. पण बसा जरा. काय आहे त्यात ते सांगा." लोक बसले. देवघेव करायला दुसरं काही नव्हतंच. पहिल्या मजल्यावर जागा मिळाली, कपाटं आली, २०२१ च्या जुलैत परत पाणी आलं तेव्हा खालचा भडंगवाला बुडाला आणि वाचनालय कोरडं राहिलं. तो ओसरीवरचा नियम मात्र तसाच आहे.

त्या बैठकीची एक वही आहे, दोनशे पानी, कडक पुठ्ठ्याची. त्यात चार रकाने: तारीख, पुस्तक, पान, मत. पानाचा आकडा लिहिल्याशिवाय मत लिहू देत नाहीत. मला सुरुवातीला हे सरकारी वाटलं. आता वाटतं त्याच रकान्यात सगळं आहे. पुस्तक संपवलेला माणूस शहाण्यासारखं बोलतो. प्रस्तावना वाचलेली असते, शेवट माहीत असतो, इतरांनी काय म्हटलंय ते कानावर आलेलं असतं. पान ६० वर असलेल्या माणसाला यातलं काही नसतं. आमच्यात ट्रायलसाठी आधी कच्ची टीप घालतात, लांब लांब टाक्यांची, एका झटक्यात उसवता येईल अशी. दुसऱ्या रविवारची मतं त्या टिपेची असतात. माझीच एक नोंद आहे: मार्चमध्ये, पान ६० - 'फार कंटाळा. माणसं नुसती बोलतात.' एप्रिलमध्ये, पान १९० - 'मागचं मत उसवलं.' त्याच्या खाली कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलंय, 'शिलाई किती?'

माणसं कोण येतात? तासगावकडचे एक द्राक्षवाले दादा येतात. छाटणीच्या दिवसांत दिसत नाहीत आणि पाऊस पडला की त्यांचं चित्त नसतं. गेल्या वर्षी त्यांच्या हातात 'एक होता कार्व्हर' होतं, वीणा गवाणकरांचं. १९८१ पासून लोक वाचताहेत ते, सांगलीत तरी असं घर क्वचित ज्यात कुणी ते वाचलेलं नाही. त्यामुळं आम्हाला वाटलं, आता गुलामीतून वर आलेला शास्त्रज्ञ, जिद्द, वगैरे ऐकायला मिळणार. दादांनी वेगळंच काढलं. कार्व्हर १८९६ मध्ये अमेरिकेतल्या टस्कीगीला गेला तेव्हा तिकडची जमीन वर्षानुवर्षं नुसत्या कापसानं चोळून काढलेली, आणि तो शेतकऱ्यांना सांगत सुटला की मधे भुईमूग घ्या, चवळी घ्या. दादा पुस्तकावर हात मारून म्हणाले, "म्हंजे बेवड की ओ, आधीच्या पिकानं जमिनीत ठिवलेला कस! माझी आजी हेच सांगायची. भुईमुगाच्या बेवडावर काय बी येतंय. मुळास्नी गाठी असत्यात, ती जमिनीला खायला घालत्यात. आजीला कुणी शास्त्रज्ञ म्हटलं न्हाई." मग जरा थांबून, "पर आजीनं गाडी घिऊन गावोगाव जाऊन न्हाई सांगितलं. ह्यानं सांगितलं. त्यो फरक हाय." घोड्यांची गाडी, तिच्यात अवजारं आणि बी-बियाणं घालून शेतकऱ्याच्या बांधावर नेलेली शाळा. ते प्रकरण त्यांनी आम्हाला असं रंगवून सांगितलं की पुढचे दोन महिने त्या एका प्रतीसाठी रांग होती.

एस.टी.तून निवृत्त झालेले एक काका आहेत, मूळचे आटपाडीकडचे. ते 'बनगरवाडी' वाचतात. सध्या, मागच्या वर्षी आणि त्याच्या मागच्या वर्षीही. नियमाप्रमाणं पुस्तक चालू पाहिजे, आणि त्यांचं ते कायम चालूच असतं. संपलं की परत पहिल्या पानावर. व्यंकटेश माडगूळकरांचं हे पुस्तक १९५५ चं, म्हणजे काकांपेक्षा थोडंसंच मोठं. माणदेश, मेंढरं, तरुण मास्तर, तालमीचं बांधकाम, आणि शेवटी दुष्काळ. काका बोट ओळीखाली धरून वाचतात. त्या रविवारी ते शेकूच्या प्रकरणापाशी होते. शेकूला नांगराला दुसरा बैल मिळत नाही, तेव्हा त्याची बायको बैलाच्या जागी जू खांद्यावर घेते.

आमच्यात एक निवृत्त प्राध्यापक आहेत. ते म्हणाले की ही बाई म्हणजे ग्रामीण दारिद्र्याचं प्रतीक आहे. काका म्हणाले, "प्रतीक न्हवं ओ सर. बैल न्हवता."

यावर सगळे हसले, सरही हसले. मला मात्र हसू आलं नाही. मी त्यांना सांगितलं की वाळव्याकडून, कवठ्याकडून शेतात राबणाऱ्या बायका माझ्याकडं ब्लाउज शिवायला येतात तेव्हा मी दोन्ही खांदे वेगळे मोजते. शहरातल्या बाईचा एक मोजला तरी भागतं. यांचा एक खांदा पाव इंच, कधी अर्धा इंच खाली असतो. पाटी, भारा, कळशी कायम ज्या बाजूला घेतात ती बाजू. दोन्हीकडं सारखं कापलं तर गळा एका बाजूला ओघळतो आणि त्या समजतात शिवणच वाईट. जू ज्या खांद्यावर पडलं तो खांदा मोजायला गेलं तर किती निघेल, एवढंच मी विचारलं. कुणी काही बोललं नाही. काकांनी वही ओढून घेतली आणि मत या रकान्यात फक्त लिहिलं, 'खांदा.' पानाचा आकडा घातला. ती नोंद अजून आहे, येऊन बघा.

एक मुलगा येतो, इंजिनिअरिंगचा. त्याला कुणीतरी सांगितलं म्हणून त्यानं 'कोसला' उचललं. पहिल्या रविवारी पान ४० वर होता. "ह्यात काही घडतच नाही. तो नुसता मेसमध्ये जातो." बाई म्हणाल्या, "तू तरी काय करतोस दिवसभर?" दुसऱ्या महिन्यात आला तेव्हा बोलताना दर वाक्यात 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे'. नेमाड्यांची ही कादंबरी १९६३ ची, वाचणाऱ्याला ही लागण तेव्हापासून होतेय म्हणतात. तिसऱ्या महिन्यात तो गप्प होता. पुस्तक मांडीवर उपडं. मणीपर्यंत, म्हणजे नायकाच्या धाकट्या बहिणीपर्यंत, पोचला होता. ज्यांनी वाचलंय त्यांनी काही विचारलं नाही, आणि ज्यांनी वाचलं नव्हतं त्यांना बाईंनी डोळ्यांनी दटावलं. वहीत त्यानं पान लिहिलं आणि मताचा रकाना कोरा सोडला. त्याला लहान बहीण आहे हे मला नंतर कळलं. तिचा ड्रेस शिवायला घेऊन आला होता.

मिरजेच्या एका दवाखान्यात नर्स असलेल्या ताई रात्रपाळीत 'स्मृतिचित्रे' वाचतात. लक्ष्मीबाई टिळकांचं ते पुस्तक त्या हळूहळू, पुरवून पुरवून वाचतात. "पेशंट झोपले असतात आणि मला हसू आवरत नाही. एवढं सोसलं त्या बाईनं, नवरा धर्म बदलून बसला, ही पाच वर्षं वेगळी राहिली, आणि सांगते कसं, तर शेजारणीला गंमत सांगितल्यासारखं." त्यांच्यामुळं मी ते घेतलं. मला पहिली शंभर पानं जड गेली, बांधणीत गेलेल्या अक्षरांमुळंही असेल. आता सुटलेय.

फेब्रुवारी २०२५ मध्ये दिल्लीच्या ९८ व्या साहित्य संमेलनाला आपल्या सांगलीच्या ताराबाई भवाळकर अध्यक्ष होत्या. त्याआधी महिनाभर वाचनालयात प्रत्येकाला त्यांचंच पुस्तक हवं होतं. पुस्तकं होती दोन. शेवटी बाईंनी ठरवलं की रविवारी ते मोठ्यानं वाचायचं. मी सासूबाईंना घेऊन गेले. त्यांना अक्षरओळख नाही, सहीपुरती शिकल्यात. जात्यावरच्या ओव्यांचं, बायका आपलं मन कुठं कुठं बोलून ठेवतात त्याचं वाचन चाललं होतं. सासूबाई आधी पायऱ्या मोजून दमलेल्या, मग कान टवकारून बसल्या. मधेच म्हणाल्या, "ह्यातलं निम्मं आमाला पाठ हाय. छापल्यात व्हय?" त्यांना म्हणायला लावलं. त्या बसल्या जागी, गुडघ्यावर हात फिरवत म्हणायला लागल्या, जातं असल्यासारखा हात. सात-आठ झाल्या असतील. वाचनालयातल्या सगळ्यात म्हाताऱ्या सभासद त्याच आहेत आता. त्यांचं कार्ड केलंय. महिन्याला एक मासिक आणतात, चित्रं बघतात आणि मला वाचायला लावतात. वहीतल्या पानाच्या रकान्यात त्यांच्या नावापुढं बाईंनी 'तोंडपाठ' असं लिहिलंय.

आता तक्रारी. एक, मघाच्या त्याच सरांची. माणूस चांगला आहे, वाचलंही अफाट आहे, पण त्यांच्या हातात सध्याचं पुस्तक असतं आणि तोंडात मागची पन्नास. दिवाळी आली की मासिक 'मनोरंजन'चा १९०९ चा पहिला दिवाळी अंक कसा निघाला ते दरवर्षी पहिल्यापासून सांगतात. त्यांच्या पंचवीस मिनिटांत एकदा माझा दूध तापवायचा वायदा चुकला. बाईंनी घड्याळ ठेवावं असं मी दोनदा सुचवलं. घड्याळ आलं, भिंतीवर लावलं, सरांच्या पाठीमागं.

दोन, शेवट फोडणारे. एका वहिनींनी मला रहस्यकथेचा खुनी सांगून टाकला, तोही आपुलकीनं, "घाबरू नका हं, शेवटी तो दिरानंच केलेला असतो." पुढची दीडशे पानं मी त्या दिराकडं बघत काढली.

तीन, आणि ही मनाला लागलेली: राखीव पुस्तक. तीन आठवडे नंबर लावून ठेवलेलं पुस्तक मी आणायला गेले तर ते आदल्या दिवशी दुसऱ्याला दिलेलं. बदली बसलेल्या मुलानं चिठ्ठी बघितली नाही म्हणे. चिठ्ठी पुस्तकातच होती, पुस्तकाबरोबर गेली. सॉरी म्हटलं त्यांनी. पण माझ्याकडं कुणाचा साखरपुड्याचा ब्लाउज दुसरीला गेला असता तर सॉरीवर भागलं असतं का? त्यानंतर चिठ्ठीबरोबर कार्डालाही लाल टिकली लावायला लागलेत. टिकल्या मीच दिल्या, पाकीटभर.

चार, बायकांसाठी स्वच्छतागृह नाही. खालच्या दुकानदाराची किल्ली मागावी लागते आणि तो रविवारी बंद असतो. दीड तास बसायचं म्हणजे बाईमाणसानं दुपारपासून पाणी कमी प्यायचं, हे वाचनालयाच्या समितीत बसलेल्या पुरुषांच्या लक्षात आणून द्यावं लागतं यातच काय ते आलं. अर्ज दिलाय. अर्जाची पोच आहे माझ्याकडं.

वेळेचंही जरा जमवा. पाच म्हणजे गिऱ्हाइकाची वेळ. लग्नसराईत मी तीन रविवार बुडवलेत.

दिवाळी अंकांची योजना मात्र चोख. ३०० रुपयांत तीन महिने, एका वेळी दोन अंक, जेवढे वाचाल तेवढे. नोव्हेंबरात सगळे एकदम तुटून पडतात, म्हणून हुशारी करायची असेल तर जानेवारीत घ्या. संक्रांतीनंतर अंक नुसते पडलेले असतात, आणि आधीच्या वाचणाऱ्यांनी चांगल्या कथेच्या शीर्षकाशी पेन्सिलीनं बारीक फुली केलेली असते. तेवढं पेन्सिलीचं काम मी माफ करते.

तर बाई, तुम्ही विचारलं होतं वर्गणी भरावी का. तुम्हाला नवीन पुस्तक निघाल्या निघाल्या हवं असेल तर भरू नका, विकत घ्या. एकटीनं शांत वाचायला आवडत असेल, कुणी काय वाचताय म्हणून विचारलेलं खपत नसेल, तरी भरू नका, इथं विचारतातच. गुडघे दुखत असतील तर आधी एकदा चढून बघा. बाकी काही अडचण नसेल तर या. पहिल्या वेळी पुस्तक नसलं तरी चालतं, नुसतं बसायचं, चहा पाळीनं असतो, या महिन्यात माझी पाळी आहे.

मी सध्या 'स्मृतिचित्रे', पान १४२. मत अजून कच्च्या टिपेवर आहे.

ब्लाउज झालाय. डावा खांदा तुमचाही थोडा खाली निघाला, पाव इंच सोडून कापलाय, घालून बघा. सभासदत्वाचा फॉर्म पिशवीत तळाशी घातलाय, अस्तराच्या उरलेल्या तुकड्याखाली. अनामतीचे ५०० वेगळे, शिलाईत धरू नका.